सोहो-ट्रायबेकात लॉफ्ट घेताय? आधी कागद बघा, मग छत

न्यू यॉर्कात नोकरी लागली आहे, ऑफिस डाउनटाउनला आहे, जर्सीतून रोज ये-जा करायची तयारी नाही आणि पगार भाडं सोसेल इतका आहे, अशा माणसाच्या फोनवर कधी ना कधी लॉफ्टचे, म्हणजे जुन्या कारखान्याच्या मजल्यावर केलेल्या घराचे, फोटो येतातच. चौदा फुटांवर छत, मधोमध ओतीव लोखंडाचे खांब, भिंतभर खिडक्या, एका बाजूला उघड्या विटा. आपण टू बीएचकेत वाढलेली माणसं, एवढी सलग जागा दिसली की भुलतो. खुशाल भुला, पण सही करण्याआधी काही गोष्टी क्रमाने उरकून घ्या. हा लेख मॅनहॅटनमधल्या सोहो आणि ट्रायबेका या दोन जुन्या वस्त्यांपुरता आहे. कारखान्याच्या मजल्यावर संसार थाटायची रीत इथेच रुजली आणि त्यातली कायदेशीर लचांडंही इथलीच.

आधी इमारत समजून घ्या

या इमारती राहण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. साधारण १८५० ते १८९० च्या दशकांत इथे कापडाची, काचसामानाची, फर्निचरची दुकानं, गोदामं आणि कारखाने उभे राहिले. दर्शनी भाग ओतीव लोखंडाचा. खांब, कमानी, नक्षी साच्यात ओतून यायची आणि जागेवर बोल्टने जोडली जायची. दगडात हेच कोरायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही जास्त. शिवाय लोखंडाचे खांब सडपातळ, त्यामुळे खिडक्या मोठ्या ठेवता आल्या. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हाउआउट बिल्डिंग १८५७ ची. लिफ्टवाल्या ओटिस यांची पहिली प्रवासी लिफ्ट याच इमारतीत बसली. मुंबईकरांना काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, आठवेल. तिचा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतून मुंबईत आणला होता. काळ तोच, तंत्रही तेच. आपली मात्र धोकादायक ठरून रिकामी करावी लागली, आणि इथल्या मजल्यांना आज लाखो डॉलर मोजावे लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथले कारखाने हळूहळू निघून गेले. ओस मजले, जुनं वायरिंग, वरचेवर आगी. अग्निशमन दलात या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत. शहराचे बडे नियोजनकार रॉबर्ट मोझेस यांचा इथून दहा पदरी महामार्ग काढायचा बेत होता. लेखिका जेन जेकब्ज आणि रहिवाशांनी तो हाणून पाडला, आणि १९६९ मध्ये तो कायमचा बासनात गेला. तोवर चित्रकार-शिल्पकार स्वस्त भाड्यासाठी या मजल्यांवर गुपचूप राहायला लागले होते. दाराशी ‘ए. आय. आर.’ (आर्टिस्ट इन रेसिडेन्स) अशी पाटी लावत, म्हणजे वर माणूस राहतो हे आग लागल्यास बंबवाल्यांना कळावं. १९७१ मध्ये शहराने कलाकारांना इथे राहायची रीतसर परवानगी दिली. १९७३ मध्ये सोहोचा ऐतिहासिक विभाग जाहीर झाला, ट्रायबेकाचे विभाग १९९१ आणि १९९२ मध्ये.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की घराचा आकार, अंधार, आवाज, परवानग्या या सगळ्यांचं मूळ इथे आहे. ठरलेला प्लॉट २५ फूट रुंद, १०० फूट खोल. दोन्ही अंगांना शेजारच्या इमारती चिकटलेल्या. उजेड येतो तो फक्त पुढून आणि मागून. फोटोत सगळं लख्ख दिसतं, कारण फोटो खिडकीकडून काढतात.

सोहो की ट्रायबेका

सोहोत दिवसभर जत्रा असते. ब्रॉडवे, प्रिन्स आणि स्प्रिंग स्ट्रीटवर शनिवारी दुपारी बाबागाडी ढकलून दाखवा. ग्रीन, मर्सर, क्रॉस्बी हे दगडी फरसबंदीचे रस्ते दिसायला सुरेख, पण पहाटे मालाचे ट्रक त्यावरून खडखडत जातात आणि ते थेट उशाशी ऐकू येतं. कॅनाल स्ट्रीटजवळ हॉलंड टनेलकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आणि तिचे हॉर्न. एकट्याने किंवा जोडप्याने वर्षभर मजा करायची असेल तर सोहो घ्या.

मुलं असतील तर ट्रायबेका, असं माझं स्पष्ट मत. रस्ते शांत, हडसन नदीकाठची बाग चालत, आणि सरकारी प्राथमिक शाळा चांगल्या. फक्त शाळेची हद्द पत्त्यावर ठरते. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा लागू शकतात. पी. एस. २३४ या इथल्या सरकारी शाळेसाठी म्हणून घर घेत असाल तर ब्रोकरच्या शब्दावर न जाता शहराच्या शिक्षण खात्याच्या साइटवर तो पत्ता टाकून बघा. आणखी एक फायदा आपल्या लोकांच्या कामाचा आहे. जर्सीला जाणाऱ्या पाथ रेल्वेचं वर्ल्ड ट्रेड सेंटर स्टेशन ट्रायबेकातून पायी गाठता येतं. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला उतरलात की न्यूअर्क अव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गुळाची ढेप सगळं तिथे.

कागद

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. इमारत जुनी आणि मूळची औद्योगिक, तेव्हा पहिला प्रश्न असा की त्या मजल्यावर राहण्याची परवानगी आहे का, आणि असली तर कोणाला.

त्याचं उत्तर सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीत असतं. इथे सगळे त्याला ‘सी ऑफ ओ’ म्हणतात. शहराच्या बिल्डिंग खात्याच्या साइटवर पत्ता टाकला की ते फुकट बघायला मिळतं. त्यात मजल्यागणिक वापर लिहिलेला असतो. तुमच्या मजल्यापुढे साधं रेसिडेन्शियल लिहिलं असेल तर निम्मी काळजी मिटली. १९३८ पूर्वीच्या इमारतींना असं सर्टिफिकेट नसलं तरी चालतं, पण ते वापर बदलला नसेल तरच. कारखान्याचं घर झालंय म्हणजे वापर बदललाच. ‘जुनी इमारत आहे, तिला लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

सोहोत बऱ्याच मजल्यांपुढे वेगळाच शेरा दिसेल : ‘जॉइंट लिव्हिंग-वर्क क्वार्टर्स फॉर आर्टिस्ट्स’. ही १९७१ च्या परवानगीची शेपूट. नियमाप्रमाणे इथे राहणाऱ्यांपैकी एक जण शहराच्या सांस्कृतिक खात्याने प्रमाणित केलेला कलाकार असायला हवा. आता त्या मजल्यांवर बँकवाले, डॉक्टर, आपले सॉफ्टवेअरवालेही राहतात, हे उघड गुपित आहे. वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून ब्रोकर हात झटकतो. विकत घेताना तर इमारतीचं बोर्ड, म्हणजे कारभार बघणारी समिती, तुमच्याकडून एक पत्र लिहून घेतं की उद्या नियमावरून काही झालं तर जबाबदारी तुमची. भाड्याने राहणाऱ्याला याची झळ क्वचित बसते. विकत घेणाऱ्याला मात्र कर्ज देताना बँक प्रश्न विचारू शकते आणि पुढे विकताना गिऱ्हाईकही विचारतं.

डिसेंबर २०२१ मध्ये शहराने सोहो आणि शेजारच्या नोहोचं झोनिंग, म्हणजे कुठे काय चालेल याचे नियम, बदललं. त्यात असा मजला साध्या घरात बदलून घ्यायची वाट काढली, पण त्यासाठी कलानिधीत तेव्हा दर चौरस फुटामागे १०० डॉलर भरायचे ठरले. दीड हजार चौरस फुटांचे झाले दीड लाख डॉलर. रहिवासी यावरून कोर्टात गेले. तेव्हा व्यवहार करताना त्या दिवशीची स्थिती काय आहे हे वकिलाकडून लेखी घ्या. हा खर्च कोण सोसणार हे करारात येऊ द्या. ट्रायबेकात ही कलाकारांची भानगड बरीच कमी भेटते, हेही तिकडे झुकायचं एक कारण.

दुसरा शब्द कानावर येईल तो लॉफ्ट लॉ. १९८२ चा हा कायदा अशा इमारतींसाठी आहे जिथे लोक आधी राहायला गेले आणि परवानग्या मागाहून आल्या. मालकाने इमारत ठरलेल्या टप्प्यांनी राहण्यालायक करायची आणि तोवर भाडेकरूला संरक्षण. देखरेख शहराच्या लॉफ्ट बोर्डाकडे. भाडेकरू म्हणून तुम्ही अशा जागेत गेलात तर कायदा तुमच्या बाजूने आहे. पण जुना भाडेकरू ‘मी केलेल्या सुधारणांचे इतके द्या आणि माझी जागा घ्या’ म्हणाला तर रोख मोजून मोकळे होऊ नका. अशा विक्रीची बोर्डाकडे ठरलेली रीत आहे, मालकालाही त्यात हक्क आहे.

एवढं झालं की आणखी दोन साइट उघडा. गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या साइटवर त्या इमारतीविरुद्धच्या तक्रारी आणि नियमभंग तारखेसकट दिसतात. हीटिंग बंद, गळती, उंदीर, सगळं. आणि ‘एक्रिस’ नावाच्या शहराच्या दप्तरात खरेदीखतं आणि गहाणखतं. कॉन्डो, म्हणजे थेट मालकीचं घर, असेल तर आधीच्या मालकाने किती मोजले हे तिथे घरबसल्या कळतं, आणि घासाघीस करताना ते फार उपयोगी पडतं.

भाड्याने घेताना

इथला ठरलेला हिशोब चाळीसपटीचा. महिन्याचं भाडं ७,००० डॉलर असेल तर वर्षाचं उत्पन्न २,८०,००० हवं. नसेल तर गॅरंटर, आणि त्याचं ऐंशीपट. तोही बहुतेक मालकांना न्यू यॉर्कच्या आसपासचा लागतो, पुण्याचे बाबा चालत नाहीत. नुकतेच आलेल्यांकडे क्रेडिट हिस्टरी नसते. त्यांच्यासाठी फी घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या आहेत. कुठली हमी चालते हे मालकालाच विचारा. ऑफर लेटर, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेची दोन-तीन महिन्यांची स्टेटमेंट, व्हिसाची प्रत, सगळं एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. चांगली जागा सकाळी बघितली तर संध्याकाळी हातची गेलेली असते.

२०१९ च्या राज्य कायद्याने भाड्याच्या घराचं डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यावर बांधलं आहे आणि अर्ज-तपासणीची फी २० डॉलरवर. मात्र को-ऑपमधली, म्हणजे सोसायटीसारख्या इमारतीतली, जागा असेल तर निराळे नियम लागतात. तिथे बोर्डाचा अर्ज, त्याची फी आणि तीन-चार आठवड्यांची वाट हे धरून चाला. ब्रोकरच्या पैशाचं गणितही बदललं आहे. जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर नेमला त्याने त्याचे पैसे द्यायचे. मालकाच्या ब्रोकरने तुमच्याकडे कमिशन मागितलं तर ते चुकीचं. तुम्ही स्वतः कोणाला जागा शोधायला लावलंत तर मात्र ते तुमच्या खिशातून.

जागा बघायला जाल तेव्हा

एकदा दिवसा आणि एकदा रात्री जा. खिशात एक छोटं लोहचुंबक असू द्या. दर्शनी खांबाला लावलं आणि चिकटलं तर ओतीव लोखंड. नाही चिकटलं तर दगड, किंवा दुरुस्तीत बसवलेला फायबरग्लासचा तुकडा. गंमत म्हणूनही करा, पण लोखंड निघालं तर जोडांवर नजर टाका. रंगाखालून गंजाचे तांबूस ओघळ दिसत असतील तर पाणी आत शिरतंय, आणि त्याचा खर्च पुढेमागे रहिवाशांवरच येणार. फुटपाथवर लोखंडी चौकटीत बसवलेल्या जाड काचेच्या गोल चकत्या दिसतील. खालच्या तळघरात उजेड जावा म्हणून त्या केलेल्या. बघायला छान, पण इमारतीच्या पुढ्यातल्या त्या तळघराच्या दुरुस्तीची जबाबदारी इमारतीवर असते.

आत गेल्यावर खिडकीशी न थांबता आधी मजल्याच्या मध्यावर जाऊन दिवे बंद करायला सांगा. ‘होम ऑफिस’ किंवा ‘डेन’ म्हणून दाखवलेली आतली खोली बेडरूम का म्हणत नाहीत, हे मग कळेल. बाहेरच्या हवेवर उघडणारी खिडकी नसलेल्या खोलीला कायद्याने बेडरूम म्हणता येत नाही. आई-बाबा सहा महिने येणार असतील तर हा मुद्दा कळीचा. सलग जागेत त्यांना दार लावून बसायला खोली नसेल, तर दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना जड जातं. मध्ये भिंत घालून घेऊ म्हणाल, तर तात्पुरत्या भिंतीलाही मालकाची आणि बिल्डिंग खात्याची मंजुरी लागते.

बाजूच्या भिंतीत खिडकी असेल तर ती प्लॉटच्या हद्दीवर आहे का विचारा. शेजाऱ्याने इमारत वर चढवली तर अशी खिडकी विटांनी बुजवावी लागू शकते. त्या खिडकीचे जास्त पैसे देऊ नका.

मग वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारा. लाकडी तुळया आणि लाकडी तक्तपोशी असलेल्या इमारतीत वरच्याच्या टाचा तुमच्या डोक्यावर पडतात. बऱ्याच करारांत जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाका अशी अट असते. वरच्याने ती पाळली आहे का हे रात्री उभं राहिल्यावर दोन मिनिटांत समजतं. नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडून दाब बघा. लिफ्ट थेट घरात उघडणारी असेल तर तिची किल्ली किती जणांकडे आहे हे विचारा.

आणि स्वयंपाकघर! शेगडीवरचा हूड धूर बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो? बहुतेक लॉफ्टमध्ये दुसरा प्रकार असतो. भिंती नाहीत, दारं नाहीत. हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास सोफ्यात, पडद्यात, कपाटातल्या कोटात मुरतो. हूडच्या वर छताकडे किंवा भिंतीकडे जाणारा पत्र्याचा पाइप दिसला तर समजा बरं आहे. हूड चालू करून शेजारी टिश्यू पेपर धरा, तो चिकटून राहिला पाहिजे.

विकत घेणार असाल तर

माझा सल्ला, आधी वर्षभर त्याच वस्तीत भाड्याने राहा. तरीही घ्यायचाच असेल तर पहिला निर्णय को-ऑप की कॉन्डो. को-ऑपमध्ये तुम्ही घर घेत नाही, इमारतीच्या कंपनीचे शेअर घेता आणि त्यावर राहायचा हक्क मिळतो. आपल्याकडच्या सोसायटीसारखं वाटेल, पण इथलं बोर्ड मुलाखत घेऊन कारण न सांगता नकार देऊ शकतं. कर्ज किती काढायचं आणि घर घेतल्यावर हाताशी किती रोकड उरली पाहिजे, हेही तेच ठरवतं. भाड्याने द्यायला बंधनं. एच-वन-बी वर असाल, उद्या कदाचित परतायचं असेल, तर कॉन्डोच बघा, थोडा महाग पडला तरी.

करांचं गणित आधी मांडा. दहा लाख डॉलरपासून पुढच्या घराला मॅन्शन टॅक्स लागतो आणि तो खरेदीदार भरतो. सुरुवात १ टक्क्याने, वीस लाखांपासून १.२५ टक्के, आणि चढत जाऊन ३.९ टक्क्यांपर्यंत. वीस लाखांच्या घरावर झाले २५,००० डॉलर. कॉन्डोसाठी कर्ज काढलंत तर गहाण नोंदणीचा करही आहे. पाच लाख आणि त्यावरच्या कर्जाला खरेदीदाराच्या वाट्याला १.९२५ टक्के येतात, म्हणजे पंधरा लाखांच्या कर्जावर २८,८७५. को-ऑपला हा कर नाही. करार करताना सहसा १० टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून वकील त्याआधीच नेमा.

वकिलाला बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं वाचायला लावा. इमारतीचं खरं दुखणं जाहिरातीत सापडत नाही, तिथे सापडतं. सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींना दर पाच वर्षांनी दर्शनी भाग तपासून घ्यावा लागतो, आणि शंभर-दीडशे वर्षांच्या लोखंडात काही ना काही निघतंच. मग परांची, आणि फुटपाथवर वर्षानुवर्षं उभा राहणारा हिरवा मांडव. तुमच्या खिडकीपुढे जाळी, आणि वर वर्गणी. २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादाही लागू झाली आहे. जुना तेलाचा बॉयलर असेल तर तो बदलायचा खर्च कधी आणि कोणावर, हे विचारून ठेवा.

ऐतिहासिक विभागात खिडकी बदलायची तरी लँडमार्क्स आयोगाची परवानगी लागते. १९६५ पासून हा आयोग आहे आणि तो चौकटीची जाडी, काचेची वाटणी, रंग इथपर्यंत बघतो. बाहेरून दिसणार नाही असं आतलं काम त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही, पण बिल्डिंग खात्याची परवानगी वेगळी असतेच.

राहायला गेल्यावर

सामान आणायच्या आधी मालवाहू लिफ्टची वेळ आरक्षित करा. बहुतेक इमारती शनिवार-रविवारी सामान चढवू देत नाहीत, आणि मूव्हरकडून विम्याचं सर्टिफिकेट मागतात. ते नसेल तर ट्रक दारातच उभा राहतो.

१ ऑक्टोबर ते ३१ मे घर उबदार ठेवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८, रात्री कसंही असलं तरी ६२. उंच छताच्या घरात गरम हवा वरच राहते, म्हणून तापमान कॉटच्या उंचीवर मोजा, फोटो काढा आणि गरज पडली तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकाला, फोन लावा. दहा वर्षं किंवा त्याखालचं मूल असेल तर खिडक्यांना गार्ड बसवून मागा. सहा वर्षांखालचं असेल तर शिशाच्या रंगाची तपासणी मागा. १९६० पूर्वीच्या इमारतींत याची जबाबदारी मालकावर आहे.

गणपतीत हौसेने मखर उभारणार असाल तर छताखालून जाणारे लाल-काळे पाइप सोडून द्या. ते आगीच्या पाण्याचे आहेत. आरास, झालर, पडद्याची दोरी, काही त्यांना टांगू नका. स्प्रिंकलरचं तोंड हलून फुटलं तर पाणी थांबवेपर्यंत खालच्या मजल्यांवरही पोचतं, आणि भरपाई तुमच्याकडून मागतात. म्हणून भाडेकरूचा विमा पहिल्या दिवसापासून, गृहप्रवेशाच्या नारळाआधी. धूप-कापूर खिडकीशी, स्मोक डिटेक्टरपासून लांब.